डेटाबेसमधील जन्मतारीख पानावर दाखवताना होणारा घोळ: एकाच स्थळाच्या दोन तारखा

पाटीपेन्सिल

आमच्या तालुक्यातील एका वधू-वर सूचक मंडळाच्या संकेतस्थळाची देखभाल मी गेली काही वर्षे करतो. संकेतस्थळ पीएचपी (पाने तयार करणारी प्रोग्रामिंग भाषा) आणि मायएसक्यूएलवर (माहिती साठवणारा डेटाबेस) चालते. मूळ प्रोग्रामरने जन्मतारीख हा रकाना मजकूर म्हणून ठेवला होता, म्हणजे नोंदणी करणाऱ्याने जशी लिहिली तशी ती साठवली जात असे आणि पानावरही तशीच दिसत असे. वयानुसार यादी लावणे त्यामुळे शक्यच नव्हते, म्हणून मागील महिन्यात मी डेट प्रकाराचा नवा रकाना केला आणि एका लहानशा पीएचपी प्रोग्रामने जुन्या सर्व तारखा त्यात भरून घेतल्या. त्यानंतर तीन अडचणी एकदम उभ्या राहिल्या आहेत.

पहिली अडचण अशी की, वयाने मोठे आधी या क्रमाने यादी मागितली तरी १ तारखेला जन्मलेले सगळे वर येतात, मग २ तारखेचे, मग ३ तारखेचे. दुसरी, काही स्थळांच्या पुढे ०१-०१-१९७० ही जन्मतारीख दिसते आणि त्यांतील एक मुलगी तर नुकतीच पदवीधर झालेली आहे. तिसरी अडचण मला सर्वांत जास्त छळते आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका कुटुंबाने कळवले की त्यांच्या मुलाची जन्मतारीख सविस्तर माहितीच्या पानावर १४ मार्च १९९४ अशी दिसते, पत्रिकेत मात्र १५ मार्च आहे. मंडळातल्या ताईंनी इथे तेच पान उघडले, तर त्यांना १५ मार्चच दिसले. दोघांनी मला पानाची छायाचित्रे पाठवली आहेत आणि दोन्ही खरी आहेत.

चंद्र साधारण एका दिवसात एक नक्षत्र ओलांडतो. पत्रिका जुळवणाऱ्या घरांसाठी एका दिवसाचा फरक म्हणजे वेगळे नक्षत्र आणि कदाचित वेगळी रासही, त्यामुळे ही चूक मला किरकोळ वाटत नाही. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

निळीशाई

तिन्ही अडचणी वेगवेगळ्या असाव्यात असे वाटते, त्यामुळे एकेक घेऊ. यादी काढणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, नेमकी कशी लिहिली आहे, ते शब्दांत सांगाल का? विशेषतः तारखेचे रूप क्वेरीतच बदलत आहात की पीएचपीमध्ये?

पाटीपेन्सिल

क्वेरीतच बदलतो. सिलेक्टमध्ये, म्हणजे काय काय हवे ते सांगणाऱ्या भागात, नाव, गाव आणि डेट फॉरमॅट या फंक्शनने दिवस-महिना-वर्ष अशी केलेली जन्मतारीख आहे. त्या रूपांतरित तारखेला टोपणनावही जन्मतारीख असेच दिले आहे, कारण पानावरच्या कोडमध्ये सगळीकडे तेच नाव वापरलेले होते. शेवटी क्रम ठरवणारे ऑर्डर बाय जन्मतारीख आहे.

निळीशाई

मग पहिली गाठ सुटली. मायएसक्यूएल ऑर्डर बायमधले नाव आधी सिलेक्टमधल्या नावांत शोधते आणि तिथे सापडले नाही तरच टेबलाच्या रकान्यांकडे वळते. तुम्ही रूपांतरित मजकुराला मूळ रकान्याचेच नाव दिल्यामुळे क्रम तारखेवर लागत नसून मजकुरावर लागतो आहे. मजकूर डावीकडून एकेक अक्षर पाहून लावला जातो, त्यामुळे ०१-१२-१९९८ हा ०२-०१-१९८६ च्या आधी येतो, कारण पहिल्या दोन अक्षरांतच निकाल लागतो आणि वर्षापर्यंत तुलना पोहोचतच नाही. ऑर्डर बायमध्ये रकान्याच्या आधी टेबलाचे नाव आणि टिंब लिहिले की मूळ तारीख धरली जाईल. त्याहून बरे म्हणजे रूपांतरित तारखेला जन्मतारीख_मजकूर असे वेगळे नाव देणे, म्हणजे पुढे तुमच्या जागी येणाऱ्या माणसालाही कोणते काय आहे ते वाचताक्षणी कळेल.

मूळ रकाना वापरण्याची हीच खबरदारी व्हेअरमध्ये, म्हणजे निवडीच्या अटीतही, घ्यावी. अमुक वर्षी जन्मलेले शोधताना रकान्यावर फंक्शन लावून त्यातले वर्ष बाहेर काढले, तर त्या रकान्यावरचा साधा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) उपयोगी पडत नाही आणि प्रत्येक ओळ तपासावी लागते. त्याऐवजी वर्षाच्या १ जानेवारीपासून पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीच्या आधीपर्यंत अशी दोन टोकांची अट लिहावी.

दगडीपाटा

१९७० बद्दल लिहितो. युनिक्स या संगणकप्रणालीची कालगणना १ जानेवारी १९७० या दिवशी यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) मध्यरात्री शून्यापासून सुरू होते. पीएचपीच्या स्ट्रटोटाइमला (मजकुरातून तारीख ओळखणाऱ्या फंक्शनला) समोरची तारीख समजली नाही तर ते फॉल्स, म्हणजे ‘नाही’, असे उत्तर देते, आणि ते फॉल्स तसेच डेट फंक्शनला दिले तर त्याचा शून्य होतो. शून्याची तारीख १ जानेवारी १९७०. वेळही छापली असती, तर सर्व्हर भारतीय वेळेवर असताना तिथे पहाटेचे ५:३० दिसले असते. ही जोडी कुठेही दिसली की समजावे, तारीख नव्हतीच आणि तरीही कोणीतरी ती छापली.

तेव्हा तारीख छापण्याआधी ती रिकामी आहे का, हे तपासावे आणि रिकामी असल्यास ‘जन्मतारीख दिलेली नाही’ असे स्पष्ट लिहावे. १९७० दिसले तर लपवा, अशी अट मात्र कृपा करून लिहू नका. त्या दिवशी खरोखर जन्मलेली माणसे आहेत.

पाटीपेन्सिल

मी आत्ताच टेबल उघडून पाहिले. रिकाम्या तारखा फारशा नाहीत. ज्या स्थळांच्या पुढे १९७० दिसते, त्यांच्या नव्या रकान्यात प्रत्यक्षातच १९७०-०१-०१ साठवलेले आहे. जुन्या मजकुराच्या रकान्यात मात्र त्यांच्या तारखा व्यवस्थित आहेत, उदाहरणार्थ २५/०८/१९९८. माझ्या प्रोग्रामने जुना मजकूर स्ट्रटोटाइमला दिला होता आणि जे येईल ते नव्या रकान्यात भरले होते.

दगडीपाटा

थांबा. हे १९७० पेक्षा फार गंभीर आहे. कृपया जुना रकाना पुसू नका आणि पुढचे सर्व काम सोडून आधी हे पाहा.

स्ट्रटोटाइम तिरप्या रेघेची तारीख अमेरिकी पद्धतीची मानते, म्हणजे आधी महिना आणि मग दिवस. आडवी रेघ किंवा टिंब असेल आणि वर्ष चार अंकी असेल, तर मात्र ती आधी दिवस मानते. तुमच्या जुन्या रकान्यात लोकांनी दोन्ही प्रकारे लिहिले असणार. २५-०८-१९९८ बरोबर वाचली गेली. २५/०८/१९९८ मध्ये पंचविसावा महिना शोधला गेला, तो सापडला नाही, म्हणून १९७०. परंतु ०५/०८/१९९८ चे काय झाले असेल? तो पाच ऑगस्टचा जन्म ८ मे म्हणून नोंदला गेला आणि कोणताही इशारा मिळाला नाही.

वर्षातल्या ३६५ दिवसांपैकी १४४ दिवसांचा आकडा १२ किंवा त्याहून कमी असतो. त्यांतल्या १२ तारखा, म्हणजे १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा, उलटल्या तरी तशाच राहतात. उरलेल्या १३२ तारखा गुपचूप दुसऱ्या तारखा होतात. तिरप्या रेघेने लिहिलेल्या नोंदींपैकी १९७० झालेल्या तुम्हाला दिसल्या, कारण त्या डोळ्यांत खुपतात. उलटलेल्या तारखा तारखांसारख्याच दिसतात. त्या संबंधित माणसाशिवाय कोणालाही ओळखू येणार नाहीत आणि अनेकदा त्याचेही लक्ष जाणार नाही.

उपाय असा. नवा रकाना पूर्ण रिकामा करावा. जुन्या मजकुरातून ज्या नोंदींत तिरपी रेघ आहे त्या वेगळ्या आणि आडवी रेघ आहे त्या वेगळ्या काढाव्यात, आणि प्रत्येक गटाला एसटीआर टू डेट या मायएसक्यूएलच्या फंक्शनने, आधी दिवस, मग महिना, मग चार अंकी वर्ष असे स्वरूप स्पष्ट सांगून रूपांतरित करावे. ज्या नोंदी बसणार नाहीत त्या रिकाम्याच राहू द्याव्यात आणि त्यांची यादी काढावी. पीएचपीमध्येच करायचे असेल तर क्रिएट फ्रॉम फॉरमॅट वापरावे, पण ते ३१-०२-१९९४ सारखी अशक्य तारीखही पुढे सरकवून ३ मार्च करते, म्हणून रूपांतरानंतर इशारे तपासणे आवश्यक आहे. तारखेचा अर्थ यंत्राला ओळखायला लावणे हेच मुळात चुकले होते. आपल्याकडे दिवस आधी लिहितात हे आपल्याला ठाऊक आहे, तर ते सांगून टाकावे.

पाटीपेन्सिल

हे वाचून अंगावर काटा आला. यादी काढली. उलटलेल्या तारखा आहेत, आणि बऱ्याच आहेत. आज रात्री संकेतस्थळावरची जन्मतारीख तात्पुरती बंद करतो आणि रूपांतर पुन्हा करतो.

हडसनकाठ

न्यू जर्सीचे कुटुंब म्हटल्यावर राहवले नाही, कारण मी त्याच बाजूला राहतो आणि ही चूक आम्हाला वारंवार दिसते. ती भारतात बसून दिसत नाही, म्हणूनच ती इतकी वर्षे टिकून राहते.

तुमच्या सविस्तर पानावर सर्व्हरकडून जेसनमध्ये (माहिती पाठवण्याच्या एका मजकूर-स्वरूपात) १९९४-०३-१५ एवढाच मजकूर येत असावा आणि ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट त्याची तारीख बनवत असावी. जावास्क्रिप्टचा नियम असा आहे की, वर्ष-महिना-दिवस एवढेच लिहिले असेल तर ती यूटीसीची मध्यरात्र मानावी, आणि त्याच्या पुढे वेळ जोडली असेल पण टाइमझोन नसेल तर पाहणाऱ्याच्या स्थानिक वेळेची मानावी. पहिल्या नियमाने तुमची तारीख १५ मार्चची यूटीसी मध्यरात्र झाली. छापताना मात्र स्थानिक वेळ वापरली जाते. भारत साडेपाच तास पुढे आहे, त्यामुळे तुमच्या ताईंच्या संगणकासाठी तो क्षण १५ मार्चच्या पहाटेचे ५:३० आहे आणि तारीख जुळते. इथे मार्चच्या त्या दिवशी घड्याळ यूटीसीच्या पाच तास मागे होते, त्यामुळे तोच क्षण १४ मार्चच्या संध्याकाळचे ७ आहे. ज्याचे घड्याळ यूटीसीच्या पुढे आहे त्याला ही चूक दिसत नाही आणि ज्याचे मागे आहे त्याला दिसते.

जन्मतारीख हा काळातला एक क्षण नव्हे. तो कॅलेंडरवरचा एक चौकोन आहे, आणि माणूस कुठेही गेला तरी तो चौकोन बदलत नाही. म्हणून तिला टाइमझोनच्या हिशेबातून नेऊच नये. सर्वांत सरळ मार्ग म्हणजे ती सर्व्हरवरच वाचनीय करून पानात मजकूर म्हणून पाठवणे. ब्राउझरमध्येच करायचे असेल, तर तीन आकडे आडव्या रेघेवर तोडून स्वतः जोडावेत किंवा छापताना टाइमझोन यूटीसी असे स्पष्ट सांगावे, म्हणजे जिथून वाचली तिथेच छापली जाईल.

आता उलट बाजूची चूक तुमच्याकडे आहे का तेही पाहा, कारण ती भारतात घडते. माहिती दुरुस्त करण्याच्या पानावर निवडलेल्या तारखेची स्थानिक मध्यरात्र बनवून ती टू आयएसओ स्ट्रिंगने (तारखेचा यूटीसीतला मजकूर करणाऱ्या फंक्शनने) सर्व्हरकडे पाठवली जात असेल, तर १५ मार्चची भारतीय मध्यरात्र यूटीसीत १४ मार्चचे १८:३० होते. त्यातली पहिली दहा अक्षरे कापून साठवली की तारीख एक दिवस मागे जाते. कोणी फोन नंबर बदलण्यासाठी पान उघडून जतन केले, तरी जन्मतारीख एक दिवस सरकते, आणि पुन्हा जतन केले की आणखी एक दिवस.

पाटीपेन्सिल

दुरुस्तीचे पान तपासले. तिथे साधा फॉर्म आहे, जावास्क्रिप्ट नाही, त्यामुळे ही दुसरी चूक सुदैवाने नाही. सविस्तर पानाचे मात्र तुम्ही सांगितले तसेच आहे, शब्दन् शब्द. एक उपप्रश्न: जन्मवेळही आमच्याकडे आहे, आणि स्थळाने शेवटचे कधी लॉगिन केले तेही. या दोन्हींसाठी टाइमस्टॅम्प प्रकार वापरावा का?

निळीशाई

लॉगिनसाठी जरूर वापरा. तो खराखुरा क्षण आहे. मायएसक्यूएल टाइमस्टॅम्प यूटीसीत साठवते आणि वाचताना जोडणीच्या टाइमझोनमध्ये बदलून देते, त्यामुळे पुण्यात आणि न्यू जर्सीत तो आपापल्या घड्याळाप्रमाणे दाखवता येतो. जन्मवेळेसाठी मात्र मुळीच वापरू नका. एक तर टाइमस्टॅम्पची मर्यादा १९७० पासून १९ जानेवारी २०३८ पर्यंतच आहे आणि १९६८ मध्ये जन्मलेला पुनर्विवाहेच्छू माणूस त्यात बसणार नाही. दुसरे असे की, जन्मवेळ ही जन्मस्थानाच्या घड्याळाची असते. ती तारखेशेजारी वेगळ्या वेळेच्या रकान्यात ठेवा, शेजारी जन्मस्थान ठेवा, आणि तिला कोणीही कुठेही फिरवणार नाही याची काळजी घ्या.

जुनेदप्तर

निळीशाई यांच्या शेवटच्या वाक्याला माझ्या अनुभवाची जोड देतो. एका संस्थेच्या निवृत्तिवेतनधारकांच्या नोंदींचे काम मी केले होते. तिथे जन्मतारखेला मध्यरात्रीची वेळ जोडून ती यूटीसीत साठवत आणि दुसरा प्रोग्राम वाचताना सरसकट साडेपाच तास मिळवत असे. सगळ्या तारखा बरोबर येत, मात्र काही अतिवृद्ध मंडळींच्या एक दिवस मागे दिसत. आम्ही आधी कागदपत्रांतच चूक धरली. नंतर लक्षात आले की ते सर्व जण १९४२ ची अखेर ते १९४५ या काळात जन्मलेले आहेत.

दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारतातील घड्याळ एक तास पुढे, म्हणजे यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होते. एशिया-कोलकाता या टाइमझोनच्या नोंदीत ते आहे. साठवणाऱ्या प्रोग्रामने तो इतिहास पाळला आणि १९४३ मधली मध्यरात्र आदल्या दिवशीचे १७:३० म्हणून लिहिली. वाचणाऱ्याने साडेपाच तास मिळवले आणि त्याला आदल्या दिवशीचे रात्रीचे ११ मिळाले. साध्या डेट रकान्यात तारीख ठेवली असती तर यांतले काहीच उद्भवले नसते. आयुष्यभराच्या नोकरीनंतर एका आजोबांना आपली जन्मतारीख सिद्ध करण्यासाठी शाळेचा दाखला घेऊन दोन वेळा यावे लागले होते, ते माझ्या अजून लक्षात आहे.

सांजवात

तारीख मराठी पानावर कशी दिसावी, यावर थोडे. महिना अक्षरांत लिहावा, असा माझा आग्रह आहे. ०५-०८-१९९८ वाचताना अमेरिकेतील नातेवाईक थबकतात, ५ ऑगस्ट १९९८ वाचताना कोणीच थबकत नाही. मायएसक्यूएलच्या डेट फॉरमॅटमध्ये टक्केचिन्हापुढे स्मॉल एम म्हणजे महिन्याचा अंक आणि कॅपिटल एम म्हणजे महिन्याचे नाव, पण ते नाव मुळात इंग्रजीत येते. पीएचपीत इंटल हे एक्स्टेन्शन चालू असेल, तर इंटल डेट फॉरमॅटरला मराठी-भारत ही भाषा सांगितल्यावर जानेवारी, फेब्रुवारी अशी नावे आणि देवनागरी अंक दोन्ही आपोआप मिळतात. ब्राउझरमध्येही तसेच आहे. हिंदीसाठी मात्र अंक आपोआप देवनागरी येत नाहीत, तेव्हा हिंदीचे उदाहरण पाहून मराठीचा अंदाज बांधू नये.

तिथे एक सापळा आहे. वर्षासाठी स्मॉल वाय लिहावा. चार कॅपिटल वाय म्हणजे आठवड्यांच्या हिशेबाचे वर्ष, आणि ते डिसेंबरच्या अखेरीस वेगळे निघू शकते. २९ डिसेंबर २०२५ ही तारीख अशा स्वरूपात २९ डिसेंबर २०२६ अशी छापली जाते. वर्षातले बाकीचे दिवस सगळे बरोबर दिसते, म्हणून चाचणीत ते सापडत नाही. पीएचपीच्या साध्या डेट फंक्शनमध्ये मात्र कॅपिटल वाय हेच बरोबर आहे, त्यामुळे एकीकडचे स्वरूप उचलून दुसरीकडे चिकटवू नये.

आणि देवनागरी अंकांतली तारीख फक्त डोळ्यांसाठी. फॉर्ममधल्या तारखेच्या खोक्याला किंमत म्हणून वर्ष-महिना-दिवस, तेही इंग्रजी अंकांत, हेच लागते. दुसरे काही दिले तर खोका रिकामा दिसतो.

निळीशाई

सांजवात यांच्याशी सहमत आहे, आणि त्यामुळेच तारखेचे रूप क्वेरीत न बदलता अगदी शेवटी, पान तयार होताना बदलावे असे मला वाटते.

जुनेदप्तर

एक अपवाद असावा. क्वेरीचा निकाल थेट एक्सेलसाठी फाइलमध्ये उतरवायचा असेल आणि मध्ये कोणताही प्रोग्राम नसेल, तर क्वेरीत रूप बदलण्यावाचून मार्ग नसतो. मात्र मूळ तारखेचा रकानाही शेजारी ठेवावा, अन्यथा त्या फाइलमध्ये पुन्हा तोच क्रमाचा प्रश्न येतो.

पाटीपेन्सिल

सर्वांचे मनापासून आभार. आजपर्यंत झालेले लिहितो. नवा रकाना रिकामा करून दगडीपाटा यांनी सांगितल्याप्रमाणे दोन गटांत पुन्हा भरला. आडव्या रेघेचे सगळे बसले. तिरप्या रेघेचे जवळजवळ सगळे बसले, उरले ते दोन अंकी वर्षांचे आणि काही अर्धवट लिहिलेले. ताईंनी मंडळाच्या कपाटातून मूळ नोंदणी अर्ज काढले आहेत आणि आम्ही दोघे रोज संध्याकाळी ते एकेक करून पडद्यावरच्या तारखेशी ताडून पाहत आहोत. पडताळणी न झालेल्या स्थळांपुढे तारीख न दाखवता ‘जन्मतारखेची पडताळणी सुरू आहे’ असे लिहिले आहे.

सविस्तर पानावरची तारीख आता सर्व्हरवरच तयार होते. न्यू जर्सीच्या काकूंना फोन करून पान उघडायला सांगितले. त्यांनी मोठ्याने वाचले, १५ मार्च १९९४, आणि मग मुलालाही बोलावून त्याच्याकडून पुन्हा वाचून घेतले.

एकच काम मनाला लागून राहिले आहे. उलटलेल्या तारखा महिनाभर पानावर होत्या आणि त्या काळात काहींनी त्या पाहून पत्रिका जुळवल्या असतील. लॉगिनच्या नोंदींवरून कोणी कोणते स्थळ उघडले ते मला कळते. त्या सर्वांना योग्य तारीख कळवणारे पत्र मंडळाच्या वतीने पाठवायचे ठरले आहे. पत्रातली तारीख अंकांत नव्हे, महिन्याच्या नावासह असेल.

दगडीपाटा

पत्र पाठवण्याआधी यादी तयार करणारी क्वेरी इथे शब्दांत लिहा, आम्ही सर्व जण पाहून देतो. मुख्य म्हणजे त्या महिन्याची सुरुवात आणि शेवट यूटीसीत धरायचे की भारतीय वेळेत, हे आधी ठरवून घ्या. टाइमस्टॅम्प असल्यामुळे जोडणीचा टाइमझोन चुकीचा असेल, तर पहिल्या दिवशीच्या पहाटे साडेपाचपर्यंत ज्यांनी पाने उघडली ते यादीतून निसटतील.